सूर्याचे डाग आणि चार हात पाणी

शालिक, तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी पत्रावळीवर बसलो, पण घास घेतला नाही. लोकांना वाटलं, जिवाभावाचा दोस्त गेला, अन्न कसं उतरेल. वस्तीतल्या म्हाताऱ्या फागोजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी तसाच राहू दिला. खरं कारण मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, आणि ज्यांचा त्यात हात होता ते सोडून आणखी कोणाला ठाऊक नाही असं मी आठ वर्षं धरून चाललो होतो.

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरी किती वर्षांची, हे सगळं शाळेनं फळ्यावर लिहून ठेवलं आहे. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" असंही लिहिलं आहे. त्या फळ्यावर जे नाही तेच मला लिहायचं आहे, आणि ते तुला सांगायचं आहे, कारण तू विचारलं नाहीस म्हणून मी कधी सांगितलं नाही.

सातवीत आपण एका बाकावर होतो. तू शेतकऱ्याच्या घरचा, मी मासे धरणाऱ्या ढिवराच्या. परीक्षेत प्रश्न आला, उन्हाळ्यात उकाडा का होतो. मी लिहिलं, सूर्य जवळ येतो म्हणून. मला पूर्ण गुण मिळाले. तू लिहिलंस, ऊन सरळ पडतं आणि दिवस मोठा असतो म्हणून. तुझ्या उत्तरावर आडवी रेघ. शाळा सुटल्यावर तू पेपर घेऊन थेट मास्तरांच्या दारी गेलास. मी कुंपणाशी थांबलो. तुला गुण मिळाले नाहीत, चापट मिळाली. परत येताना गाल लाल झाला होता आणि तू एकच म्हणालास, "चूक ते चूक हाये, परसा."

म्हणून तर मला आठ वर्षं उमगलं नाही. जो पोरगा एका गुणासाठी मास्तरांच्या दारात उभा राहिला, तो माणूस भर सभेत गप्प कसा बसला?

तू मास्तर होऊन आपल्या गावच्या, एकोडीच्याच शाळेत आलास आणि मी आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव झालो. आमच्यात मॅट्रिक झालेला मीच एकटा होतो. एका जानेवारीत भल्या सकाळी मी कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होतो. तलावावर धुकं होतं, पाय बधिर झाले होते. तू मफलर गुंडाळून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन उभा राहिलास.

"परसा, साऱ्या वरसात सूर्य आपल्या सगळ्यात जवळ कधी येते, सांग."

"वैशाखात."

"आता. याच हप्त्यात. जुलैत तो पन्नास लाख किलोमीटर दूर असते."

"मंग माहे दात काहून वाजून राहिले?"

तू हसलास आणि काडी घेऊन पाळीच्या मातीत काढायला बसलास. पृथ्वी कशी कलती आहे, हिवाळ्यात ऊन आपल्यावर कसं तिरपं पडतं, पसरून पातळ होतं. मी गारठून गेलो होतो आणि तू अर्धा तास शिकवत होतास. पाण्याबाहेर आलो तेव्हा आपला मफलर तूच माझ्या गळ्यात टाकलास. तेव्हापासून मला तुझं वेड आवडायचं. पटायचं नाही, पण आवडायचं.

मग तू भंडाऱ्याहून तापमापक आणलास. दिवसाचा जास्तीत जास्त आणि कमीत कमी पारा दाखवणारा. शाळेच्या अंगणात लाकडी पेटीत तो टांगलास आणि रोज टिपणं ठेवू लागलास. जुन्या दुर्बिणीची एक नळी खिडकीच्या फटीत बसवून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचास आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं काढायचास. पहिल्या वर्षी पुठ्ठा कोराच असायचा, एखादा टिपका. एकोणऐंशीच्या हिवाळ्यापर्यंत सूर्य डागांनी भरून गेला होता. मी विचारलं, "काळे पडून राहिला, म्हणजे विझून राहिला का?"

"उलटं हाये. डाग वाढले म्हणजे सूर्य जोरात. अकरा वरसाचा फेरा असते त्याचा."

"मंग औंदा ऊन लय तापन."

"ते नाही सांगता येत मले. सूर्यावर काय चाललं ते दिसते. त्यानं अठी किती फरक पडते, ते अजून कोणालेच नीट ठाऊक नाही."

हे वाक्य तू मला शंभरदा ऐकवलंस. मला ते टाळाटाळीचं वाटायचं. इतकी वर्षं सूर्याकडे बघायचं आणि एक गोष्ट ठाम सांगायची नाही, हे कसलं बघणं?

त्या साली पावसानं दगा दिला होता. तलाव भरला नव्हता. त्यात माघ अमावास्येला ग्रहण लागलं. दुपारची वेळ. गावानं दारं लावून घेतली, आणि तू एकटा पाळीवर तापमापक धरून उभा. ऊन पिवळं, मग राखाडी झालं. बगळे झाडावर परतले. मी दाराच्या फटीतून तुला बघत होतो. नंतर तू मला सांगितलंस, सूर्य एवढा झाकला तर सावलीतला पारा अडीच अंश उतरला. तुला केवढा आनंद झाला होता. पण दारांच्या फटी फक्त माझ्याच घराला नव्हत्या. तुला सगळ्या गावानं पाहिलं होतं.

होळीनंतरच्या रविवारी शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली संस्थेची सभा भरली. तलावात रोहू आणि कटला सोडून दीड वर्ष झालं होतं. पाणी कमी. अर्ध्या लोकांचं म्हणणं, मासोळी आताच काढा, उन्हाळा भारी जाईल. फागोजी आणि बाकीचे म्हणत होते, अजून वीतभरच आहे, मृगापर्यंत थांबलो तर दुप्पट होईल. फागोजींच्या नातीचं लग्न त्या मासोळीवर ठरलेलं होतं. दोन्हीकडून आवाज चढले. तुला बोलवा असं मीच म्हणालो. तू येत नव्हतास.

"मी मासोळीतला माणूस नाही."

"सूर्यातला तर आहेस," मी म्हणालो आणि तुला हाताला धरून आणलं.

फागोजींनी सरळ विचारलं, "मास्तर, औंदा सूर्यावर डाग लय आहेत म्हणता. मंग तापन का नाही?"

"डागावरून मी नाही सांगू शकत, फागोजी."

"मंग ते दूर-जवळचं?"

"सूर्य आता दूरच जाऊन राहिला. आषाढापर्यंत जाईन. तरी ऊन वाढते. त्यावरूनही नाही सांगता येत."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मंग इतके कागद कायले काळे केले?" तुझी मान खाली गेली. मला तुझी लाज वाटली, शालिक. दोस्ताची लाज वाटणं वाईट असतं. मी म्हणालो, "हो का नाही, एक सांग. लोक कामं सोडून बसले."

तू मान वर केलीस. मग म्हणालास, "सूर्याचं मी नाही सांगत, पाण्याचं सांगतो. तुडुमापाशी खुणेचा दगड आहे, तठी आज चार हात पाणी आहे. चार हात खोल पाणी वरून तापते, खाली गार राहते. मासोळी खाली जाऊन जगते. तेवढं राहिलं तर मिर्गापर्यंत तगन. उन्हानं वीतभर उतरन, ते चालन. त्याच्या खाली गेलं तर मी जिम्मेदार नाही."

"तगन" हा शब्द ऐकल्याबरोबर फागोजींच्या बाजूचे लोक उठले. पुढचं किती जणांनी ऐकलं, देव जाणे. मी ऐकलं होतं. ठरावाच्या वहीत मी लिहिलं: "शालिक मास्तरांच्या मते मासोळी मृगापर्यंत तगेल. सबब काढणी तोपर्यंत थांबवण्यात येत आहे." एवढंच लिहिलं. तेव्हा माझ्या मनात कपट नव्हतं. वहीत जागा होती. मला घाई होती, बस.

वैशाखात आमची सगळी वस्ती तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली. वस्तीत म्हातारी माणसं आणि मी राहिलो. तूही पेपर तपासायला भंडाऱ्याला गेला होतास. तलावाखाली दहा-बारा बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, उन्हाळी धान उभा होता. त्यातली एकरभर बांधी मी ठेक्यानं केलेली. पहिल्यांदाच केली होती. ढिवराच्या घरात स्वतःच्या हातचं धान येणार म्हणून बायको रोज बांधावर जाऊन यायची. लोंब्या दुधात होत्या आणि जमिनीला भेगा पडायला लागल्या. तिघे शेतकरी माझ्याकडे आले. पाणी सोडायचा तुडूम उघडायचा तर संस्थेची संमती लागायची, म्हणजे माझी सही.

"एकच पाणी पाह्यजे, परसराम. हातभर उतरन. तुहाही धान उभा आहेच ना."

मी सही केली. तुडुमाच्या तोंडातला खुंटा काढताना मी स्वतः पाण्यात होतो. तू सांगितलेले चार हात मला आठवत होते, हेही लिहून ठेवतो. एक दिवस पाणी द्यायचं ठरलं होतं. शेवटच्या बांध्यांना पोचेना म्हणून दोन दिवस चाललं. तिसऱ्या सकाळी खुंटा बसवायला गेलो तेव्हा दगडाशी दोन हात उरलं होतं. पाणी घेणाऱ्यांनीही पुढं कधी तोंड उघडलं नाही, भरपाई त्यांच्याच गळ्यात पडली असती.

पाच-सहा दिवसांनी तू परत आलास आणि घरी न जाता आधी तलावावर गेलास. तिथून माझ्या अंगणात. पिशवी अजून खांद्यावर होती.

"परसा, पाणी कुठी गेलं?"

"आटलं. ऊन पाह्यलं ना कसं आहे."

"येवढं नाही आटत."

मी जाळ्याची गाठ मारत बसलो. तू माझ्याकडे बघत होतास. मग पलीकडे बघितलंस. माझ्या बांधीतला ओला, हिरवा धान अंगणातून दिसायचा. तू तिकडे बघितलंस, शालिक. मी जाळ्यावरून डोळे वर केले नाहीत, तरी ते मला कळलं.

"आजच मासोळी काढा," तू म्हणालास. "दोन हात पाणी तळापर्यंत तापते. तापलेल्या पाण्यात हवा धरत नाही. वारा पडला का मासोळी गुदमरन."

"सारे पत्ता तोडायले गेले. सभा कशी घेऊ?"

"मी सायकलीनं जातो, बोलावून आणतो."

"चार दिवसांनी येऊनच राहिले ते. ठराव मी एकटा नाही मोडू शकत."

सभा घेतली असती तर पहिला प्रश्न पाण्याचा निघाला असता. मला चार दिवस हवे होते. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. ढग येतील, वळीव येईल, काहीतरी होईल. तू अंगणात उभाच होतास. मग पिशवी सावरून गेलास. सायकल काढली नाहीस. माझा शब्द तू मोडला नाहीस, ही एक गोष्ट मात्र मी तुझ्या माथी मारतो. तेव्हा तरी मोडायचा होतास.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि वारा मेला. अंगाला चिकटणारा उकाडा. सकाळी मी पाळीवर गेलो तर सगळा तलाव हलत होता. हजारो तोंडं पाण्याबाहेर. रोहू, कटला, सगळी मासोळी वर येऊन हवा ओढत होती. काठाशी आलेली हातानं उचलता यायची. तू धावत आलास. तापमापकाला सुतळी बांधून आधी वर धरलास, मग तळाशी सोडलास.

"वर तेहतीस," तू म्हणालास. "तळाले बत्तीस."

 ऊन चढलं तशी मासोळी पांढरी होऊन उलटू लागली. जंगलातून परतलेली माणसं डोक्यावरची भांडीकुंडी पाळीवर टाकून पाण्यात उतरली. बाया जिवंत मासोळी वेचत होत्या आणि ती त्यांच्या हातातच मरत होती. दुपारपर्यंत वास सुटला.

दुपारी त्याच मोहाखाली सगळे जमले. या वेळी तुला ओढून आणावं लागलं नाही. फागोजी म्हणाले, "वही काढ." मी ठराव वाचला. "शालिक मास्तरांच्या मते मासोळी मृगापर्यंत तगेल." पुढं वाचायला काही नव्हतंच.

"पाणी येवढं कसं उतरलं?" कोणीतरी विचारलं.

मी म्हणालो, "औंदाचं ऊनच तसं आहे. सूर्यावर डाग लय आहेत, मास्तरच म्हणत होते."

हे मी म्हणालो. पोटात एक आणि ओठात एक असं आयुष्यात पुष्कळदा झालं असेल, पण ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. कठीण गणितात अडलेल्या पोराकडे तू जसं पाहायचास, तसं पाहिलंस. आता कळेल याला, अजून थोडं थांबू, असं.

फागोजींनी विचारलं, "मास्तर, तगन म्हणून तुमी सांगतलं होतं का?"

तू थांबलास.  मी मनात म्हणत होतो, सांग आता, चार हात म्हण, तुडूम म्हण, माझ्या बांधीचं नाव घे. घेतलंस तर मी नाही म्हणणार नाही, अशी मी शपथ घेतली.

"सांगतलं होतं," तू म्हणालास.

तेवढंच बोलून तू उठलास आणि घरी गेलास. मागून एक बाई बोलली की ग्रहणाच्या दिवशी ज्यानं सूर्याला मोजलं, त्याचा सूड सूर्यानं गावावर काढला. कोणी तिला गप्प केलं नाही. मी तर नाहीच.

महिन्याभरात तुझ्याविरुद्ध वर अर्ज गेला. पुढच्या सत्राला तुझी बदली सिहोऱ्याला झाली. शनिवारी एसटीनं यायचास, रविवारी परत. इंदूवयनी आणि घर एकोडीतच. फागोजींच्या नातीचं लग्न वर्षभर लांबलं. तुझ्या दारावरून जायचं नको म्हणून ते तळ्याकडे वळसा घालून जायचे. माझा धान चांगला झाला. बायकोनं पहिल्या तांदळाचा भात वाढला तेव्हा मी खाल्ला. सगळा खाल्ला.

एकदा मी सिहोऱ्याला आलो होतो, तुला आठवत असेल. दोन गाड्या बदलून, सांगायचंच असं ठरवून आलो होतो. तुझ्या खोलीत चटई, स्टोव्ह आणि भिंतीला लावलेले सूर्याचे पुठ्ठे. डाग कमी व्हायला लागले होते. चहा झाला. मी म्हणालो, "शालिक, त्या तुडुमाचं..."

"शकूची नववी कशी चालली?" तू विचारलंस.

मी थांबलो. माझ्या पोरीच्या गणिताबद्दल आपण तासभर बोललो आणि मी शेवटच्या गाडीनं परत आलो. तू मला वाचवलंस का अडवलंस, ते मी त्या गाडीत बसून ठरवत होतो. अजून ठरलेलं नाही.

तू परत एकोडीत आलास तेव्हा शकूला तूच शिकवलंस. रोज सकाळी, तुझ्या ओसरीवर. वयनी तिला चहा द्यायच्या. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली ती पहिली पोरगी. निकालाच्या दिवशी ती आधी तुझ्या पाया पडली, मग माझ्या. माझ्या घरावर तुझे इतके उपकार आहेत की मला तुझा राग येऊ लागला होता. हेही तुला सांगायला हवं.

आपलं शेवटचं भांडण या हिवाळ्यातलं. तू खाटेवर होतास, खोकला छातीत बसलेला, आणि उशाशी एक मासिक. उपग्रहानं सूर्य मोजला होता. डाग भरात असताना आणि नसताना, त्याच्या उष्णतेत फरक जेमतेम हजारात एक भाग. तुझ्या डोळ्यांत ग्रहणाच्या दिवशीचा आनंद होता.

"पाह्य, परसा. दूर-जवळचा फरक त्याच्यापेक्षा मोठा. कलण्याचा तर लयच मोठा. अन् आता म्हणतात, हवेत धूर वाढून राहिला, तो उष्णता धरून ठेवते."

"मंग उन्हाळे वाढून राहिले ते धुरानं का जंगल तोडल्यानं?"

"माह्याजवळ बारा वरसाची टिपणं आहेत. बारा वरसं म्हणजे सूर्याचा एकच फेरा. येवढ्यात कायचं समजते?"

"तुहं मन काय म्हणते?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. "मन म्हणते ते मागं एकदा सभेत सांगून बसलो होतो."

आठ वर्षांत तेवढाच एक शब्द तू त्या गोष्टीवर बोललास. मी खाटेच्या काठावर बसलो होतो. तेव्हा बोलायचं होतं. वयनी काढा घेऊन आल्या, मी उठून त्यांना वाट दिली आणि घरी गेलो. नवव्या दिवशी तू गेलास.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. वयनी अंगणात धान निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वही, तुडूम, माझी सही, दोन दिवस. त्यांचा हात सुपात चालूच होता.

"मले मालूम आहे, भाऊजी."

"शालिकनं सांगतलं?"

"त्यायनं कायचं सांगतलं. मी त्या दिवशी पाळीवर धुणं धुवायले होती. तुमी खुंटा काढला तो मीनं पाह्यला. सभा झाली त्या दिवशी मी निघाली होती साऱ्यायले सांगायले. त्यायनं मले दारात अडवलं. म्हणे, परसा सांगन. त्याले सांगू दे. आज नाही तर उद्या सांगन."

मी अंगणातच खाली बसलो.

"सिहोऱ्याहून आले का विचारत, परसा काही बोलला का. दर शनिवारी."

"पण मी गेलो होतो तठी," मी म्हणालो. "बोलायले लागलो तर त्यानंच विषय बदलला."

वयनींनी सूप खाली ठेवलं. "त्यायच्या खोलीत सांगायले गेले होते ना? ते काय त्यायले मालूम नव्हतं? तुमाले सांगायचं होतं ते मोहाखाली. वस्तीपुढं." मग त्या म्हणाल्या, "त्यायनं तुमाले माफ केलं असन. ते तसेच होते. मी नाही केलं. आता मले सांगून मोकळे नका होऊ."

म्हणून मी रविवारी सभा बोलावली. विषय लिहिला नाही. तीसेक माणसं आली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. वयनींना सांगितलं त्यापेक्षा सावकाश, कारण आता लोक विचारत होते. किती हात उतरलं? कोणाच्या सांगण्यावरून? तुझी बांधी त्यात होती का? होती म्हणालो. मास्तरांनी काढा म्हणून सांगितलं होतं का? चार दिवस आधी सांगितलं होतं म्हणालो. तेव्हा एक जण उठून माझ्या अंगावर आला आणि दोघांनी त्याला धरलं. सचिवपद मी त्याच जागी सोडलं. ते कोणी नाकारलं नाही.

फागोजी आता ऐंशीच्या घरात आहेत. ते सगळा वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. सगळे बोलून झाल्यावर म्हणाले, "आठ वरसं मी त्या माणसाच्या दारावरून नाही गेलो, परसा. नातवाच्या शाळेचं काम असलं तरी दुसऱ्याले धाडलं."

"हो."

"मेला तवा गेलो. तेही लोक काय म्हणतीन म्हणून."

ते काठी टेकत उठले आणि चालू लागले. वळसा घातला नाही. मी मागं थोडं अंतर ठेवून गेलो, दोन-चार जण आणखी होते. तुझ्या अंगणात जाऊन फागोजी जमिनीवरच बसले. वयनींनी त्यांना पाणी दिलं. फागोजींनी वयनींच्या पदराकडे बघत हात जोडले. बाकीचे एकेक करून आत गेले. ओसरी भरली.

मला त्यांनी आत बोलावलं नाही. मी कुंपणाशी उभा होतो. वयनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याला पाणी द्यायला वळल्या. बरोबर केलं त्यांनी. ऊन उतरेपर्यंत मी तिथंच थांबलो आणि मग घरी आलो. वाटेत माझ्या मनात एकच होतं, शालिक, की तू असतास तर उठून बाहेर आला असतास, मला दंडाला धरून आत नेलं असतंस, आणि पोरीची चौकशी केली असतीस. ते मला सोसलं नसतं. तरी तू यायला हवा होतास.